इथे आधी कोण राहत होते?

आठवीच्या मुलांबरोबर शिकागो शहरात एक दिवस

शाळेतून येणारे कागद आमच्या घरी आधी सौभाग्यवतींच्या हातात पडतात. सही कुठे करायची, पैसे किती भरायचे, डब्यात काय द्यायचे, हे सगळे तिचे खाते. गेल्या ऑक्टोबरात आलेला एक कागद मात्र माझ्या वाट्याला आला, कारण त्या आठवड्यात तिला इस्पितळात दिवसपाळी होती. कन्येच्या आठवीच्या वर्गाची एक दिवसाची सहल शिकागो शहरात जायची होती. २४ मुले, वर्गाच्या बाई, आणि मुलांवर लक्ष ठेवायला चार पालक. सहलीचा विषय दिला होता, ‘शहर कसे आखतात?’

मी सही केली, पण मनात म्हटले, यात मला नवीन ते काय दिसणार? आम्ही शहराच्या वायव्येकडच्या एका उपनगरात राहतो. या भागात येऊन मला पंचवीस वर्षे झाली. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तळे, नदी आणि सीअर्स टॉवर दाखवून दाखवून तिथल्या लिफ्टवाल्याने मला ओळखायची वेळ आली आहे. (२००९ पासून त्या इमारतीचे नाव विलिस टॉवर झाले, पण आमच्या तोंडी जुनेच बसले आहे.)

त्याच आठवड्यात मुंबईहून धाकट्या भावाचा फोन आला होता. आम्ही मूळचे नायगावच्या बी. डी. डी. चाळीतले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी मिळून २०७. तळमजला आणि वर तीन मजले. मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. आता या चाळी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि जुन्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर फुकट मिळणार आहे. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्यासुद्धा. आमची चाळ पुढच्या टप्प्यात आहे. खोली रिकामी करून तात्पुरत्या जागेत जाण्याच्या कागदावर आईची सही हवी होती, आणि आई सही करत नव्हती.

“दादा, तू समजाव तिला. माझं ऐकत नाही,” भाऊ म्हणाला.

मी समजावले. “आई, घरात स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर. रात्री-अपरात्री बोळातून चालत जायला नको. तुझे गुडघे किती दुखतात ते मला ठाऊक नाही का?”

“ते सगळं खरं रे,” आई म्हणाली, “पण समोर कोण येणार?”

मला वाटले, म्हातारपणचा हट्ट. मी जरा चढ्या आवाजात बोललो आणि फोन ठेवून दिला. ती चुटपुट मनात घेऊनच मी सहलीच्या पिवळ्या बसमध्ये चढलो.

तीन प्रश्नांची वही

बस सुटल्याबरोबर बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक पातळ वही ठेवली. पालकांनाही सूट नव्हती. पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिलेले होते. हे कोणी ठरवले? पैसे कोणी दिले? इथे आधी कोण राहत होते? “दिवसभरात जिथे जिथे थांबू तिथे याच तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची,” बाईंनी सांगितले. “तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पाटीवर लिहिलेलं नसतं. ते विचारावं लागतं.”

पहिला थांबा आमच्या मनात नसताना आला. केनेडी एक्स्प्रेसवेवर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागली आणि बस उभी राहिली. बाई म्हणाल्या, “चला, वह्या उघडा.” हा रस्ता १९६० साली सुरू झाला. शहराच्या वायव्य भागातली दाट पोलिश वस्ती चिरत तो गेला. एका जागी तो किंचित वळण घेतो आणि वळणावर सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका या पोलिश लोकांच्या जुन्या चर्चची भिंत अगदी रस्त्याला खेटून दिसते. चर्च वाचावे म्हणून वस्तीने जोर लावला आणि रस्ता वाकला. वाटेतल्या घरांसाठी मात्र तो वाकला नाही. या रस्त्याने मी हजार वेळा तरी गेलो असेन. वळण जाणवले होते. त्याचे कारण विचारावे असे एकदाही मनात आले नव्हते.

शून्याचा चौक

शहरात उतरून आम्ही प्रथम स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकात गेलो. हा शिकागोचा शून्याचा चौक. शहरातल्या सगळ्या घरांचे क्रमांक इथून पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार दिशांना वाढत जातात. पूर्वी एकाच नावाचे अनेक रस्ते होते आणि पत्ता शोधताना नवख्या माणसाची फे-फे उडे. एडवर्ड ब्रेनन नावाच्या एका नागरिकाने चिकाटीने शहराच्या कारभाऱ्यांचा पिच्छा पुरवला आणि १९०९ पासून नवे क्रमांक लागू झाले. साधारण ८०० क्रमांक म्हणजे एक मैल, आणि एका मैलात आठ चौकटी. म्हणजे पत्ता वाचला की आपण शून्याच्या चौकापासून किती मैलांवर आहोत हे तोंडी हिशेबाने सांगता येते. मुलांनी तो खेळ पंधरा मिनिटे खेळला. मला मात्र ‘अमक्या वाण्याच्या दुकानाच्या पुढे, पिंपळाच्या अलीकडे’ असे मुंबईचे पत्ते आठवत होते.

रस्त्यांच्या पाठीमागून धावणाऱ्या गल्ल्याही बाईंनी दाखवल्या. शिकागोत अशा गल्ल्या सुमारे १,९०० मैल लांबीच्या आहेत. कचऱ्याचे डबे, विजेच्या तारा, मालाच्या गाड्या हे सगळे मागच्या अंगाला, म्हणून पुढचा रस्ता स्वच्छ. कन्येने विचारले, “बाबा, मुंबईत असतं का असं?” मी म्हटले, “असते की. तिला घरगल्ली म्हणतात. फक्त तिथे गाडी जात नाही, उंदीर जातात.”

हे शहर मुळात दलदलीवर वसलेले. १८४० साली वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, आणि १८९० साली जवळजवळ ११ लाख. इतकी माणसे इतक्या थोड्या वेळात आली की घाण वाहून नेण्याची सोयच राहिली नाही. जमीन इतकी सपाट आणि सखल की गटारांना उतार मिळेना. मग १८५० आणि १८६० च्या दशकांत रस्तेच काही फूट उंच केले आणि मोठमोठ्या विटांच्या इमारती जॅक लावून, आतली माणसे आत असताना, वर उचलल्या. पुढे १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये मोठी आग लागली. सुमारे ३०० माणसे दगावली, लाखभर बेघर झाली. त्यानंतर १९०० साली २८ मैलांचा कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, कारण शहराची घाण नदीतून ज्या तळ्यात जात होती त्याच तळ्याचे पाणी लोक पीत होते. नदी उलटी वाहवणाऱ्यांपुढे आपण हात जोडले. पण घाण गेली कुठे? ती खालच्या गावांकडे गेली, आणि त्यांची कुरकुर पुढे बरीच वर्षे चालू राहिली. ‘पैसे कोणी दिले’ या रकान्यात एका मुलाने लिहिले, ‘शहराने पैसे दिले, वास खालच्या लोकांना दिला.’ बाई खूष झाल्या.

आठवीच्या मुलांसाठी लिहिलेले पुस्तक

नदीच्या काठाने जाणाऱ्या वॅकर ड्राइव्ह या रस्त्याला दोन मजले आहेत. खाली मालमोटारी आणि वर मोटारी व माणसे. १९२६ साली हा रस्ता खुला झाला. त्याच्या आधी तिथे काय होते? साउथ वॉटर स्ट्रीटचा भाजी आणि फळांचा घाऊक बाजार. ओरडा, पाट्या, घोडागाड्या, सडकी पाने. तो बाजार १९२५ साली तिथून हलवला. आपल्याकडे १९८० च्या दशकात मस्जिद बंदरचा कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला गेला, तसेच हे. मुंबई मोकळी झाली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला, पण पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराची रोजची वाट किती मैलांनी वाढली हे त्यालाच ठाऊक.

वॅकर ड्राइव्हवरच शिकागो आर्किटेक्चर सेंटर आहे. तिथे शहराची प्रतिकृती मांडली आहे. चार हजारांवर इमारती, सगळ्या प्रमाणात. ढाक्यात जन्मलेले इंजिनियर फझलूर खान यांनी ज्यांचा सांगाडा कल्पिला ते १०० मजली हॅनकॉक सेंटर आणि ११० मजली सीअर्स टॉवर या गर्दीतही लगेच ओळखू येतात. १९७० च्या दशकात उभा राहिलेला सीअर्स टॉवर १९९८ पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत मानला जात होता. आपल्या उपखंडातल्या माणसाची ही कामगिरी मी मुलांना जरा छाती फुगवूनच सांगितली.

त्या प्रतिकृतीशेजारी उभे राहून बाईंनी वॅकर या नावाची गोष्ट सांगितली. डॅनियल बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट यांनी १९०९ साली शिकागोचा आराखडा प्रसिद्ध केला. रुंद सरळ रस्ते, तळ्याकाठी बागा, रेल्वेची नवी रचना, भोवती राखीव वने. खर्च केला शहरातल्या व्यापाऱ्यांच्या कमर्शियल क्लबाने. पण कागदावरचा आराखडा लोकांनी मान्य करायला हवा, कर्जरोख्यांना मते द्यायला हवीत. त्यासाठी शहराने एक मंडळ नेमले आणि चार्ल्स वॅकर त्याचे अध्यक्ष झाले. मंडळाच्या वतीने वॉल्टर मूडी यांनी १९११ साली एक क्रमिक पुस्तक लिहिले, ‘वॅकर्स मॅन्युअल’. ते शिकागोच्या शाळांतून आठवीच्या मुलांना शिकवले जाई. मुले घरी जाऊन आईबापांना सांगतील आणि पुढे स्वतः मतदार होतील, असा तो हिशेब.

“म्हणजे आमच्याच वयाची मुलं?” एकाने विचारले.

“तुमच्याच इयत्तेची,” बाई म्हणाल्या. “आता मला सांगा, त्या आराखड्यात काय नव्हतं?”

मुलांनी प्रतिकृतीकडे पाहिले. बागा होत्या, पूल होते, बंदर होते. शेवटी आमच्या कन्येने भीत भीत हात वर केला. “घरं? म्हणजे साध्या माणसांची?”

उत्तर बरोबर होते. बर्नहॅमच्या भव्य आराखड्यात गरिबांच्या घरांबद्दल जवळजवळ काहीच नव्हते. त्या काळी कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत राबणारी लाखो माणसे कोंदट खोल्यांत राहत होती. आराखड्यातल्या सुंदर रंगीत चित्रांत रस्ते आणि इमारती दिसतात, पण त्या राबणाऱ्या माणसाचे बिऱ्हाड दिसत नाही.

बर्नहॅमला दोष देण्यापूर्वी आपणही आपल्या घरात पाहावे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. हवा आली, उजेड आला. पण पाडलेल्या खोल्यांतली माणसे शेजारच्या तितक्याच कोंदट वस्तीत जाऊन बसली, कारण नव्या जागेचे भाडे त्यांना झेपणारे नव्हते. १९१९ साली मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवायला आलेले पॅट्रिक गेडिस हेच सांगत होते की आधी वस्तीत पायी फिरा, माणसे कशी जगतात ते पाहा, आणि मग आखा. आमच्या आठवीच्या बाई गेडिसच्याच पठडीतल्या म्हणायच्या.

तळ्याकाठची मोकळी जागा

जेवणाचे डबे आम्ही ग्रँट पार्कमध्ये उघडले. (माझ्या डब्यातल्या थालीपीठाचे तीन तुकडे तीन देशांच्या मुलांनी पळवले.) शिकागोच्या जवळजवळ ३० मैलांच्या किनाऱ्यापैकी चारेक मैल सोडले तर बाकी सगळा लोकांसाठी खुला आहे, हे आपोआप झालेले नाही. १८३६ सालच्या नकाशावर या पट्ट्यात इमारती होऊ नयेत, तो कायम मोकळा राहावा, असा शेरा कोणीतरी लिहून ठेवला होता. पुढे शहराला तिथे बांधकामाचा मोह झाला, तेव्हा टपालाने माल विकणारा व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड त्या एका ओळीच्या जोरावर १८९० पासून वीस वर्षे न्यायालयात भांडला. शहरातले बडे लोक त्याच्यावर चिडले. पण जागा मोकळी राहिली.

तिथेच आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आहे. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वधर्मपरिषद इथे भरली आणि स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. समोरच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या एका भागाला त्यांचे नाव दिलेली तपकिरी पाटी आहे. कन्येने मैत्रिणींना ती दाखवली. तिसरा प्रश्न पुरता मनात भिनलेल्या एका मुलाने लगेच विचारले, “पण ते राहिले कुठे होते?” लोकांच्या घरी पाहुणे म्हणून, असे मी सांगितले. परक्या शहरात आलेल्या माणसाला आधी कोणाच्या तरी घराचे दार लागते, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

नकाशात माणसे रंगवणाऱ्या बाया

दुपारी बस हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या हल हाउसपाशी थांबली. जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ साली गरीब परदेशी कामगारांच्या वस्तीत हे घर घेतले आणि त्या तिथेच राहू लागल्या. पाळणाघर, रात्रीची शाळा, दवाखाना, सगळे तिथे चाले. जेन अॅडम्स यांना पुढे १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण मला तिथे थांबवून ठेवले ते १८९५ साली हल हाउसमधल्या मंडळींनी छापलेल्या नकाशांनी. आसपासच्या गल्ल्यांतले एकेक घर त्यांनी दारोदार जाऊन विचारले. कुठल्या घरात कुठल्या देशाचे लोक राहतात त्याला एकेक रंग. दुसऱ्या नकाशात त्या घरात आठवड्याला किती पैसे येतात त्याचे रंग. शहराचा नकाशा म्हणजे रस्त्यांचा नकाशा, अशी माझी आजवरची समजूत. इथे रस्ते पांढरे होते आणि माणसे रंगीत.

या हल हाउसच्या एकूण १३ इमारती होत्या. आज दोनच आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराने इथे विद्यापीठाची नवी वसाहत करायचे ठरवले. इटालियन शिंप्याची मुलगी फ्लोरेन्स स्काला हिने शेजारच्या बायका गोळा केल्या, महापौरांच्या कचेरीत ठिय्या दिला, न्यायालयापर्यंत धाव घेतली. त्या हरल्या. हजारो लोकांची घरे गेली. १९६५ साली विद्यापीठ सुरू झाले. गंमत अशी की आपल्याकडची कितीतरी मुले याच विद्यापीठात शिकून मोठी झाली. आमच्या परिचयातलीच पाच-सहा आहेत. विद्यापीठ वाईट, असे कोण म्हणेल? पण ज्यांच्या घरांवर ते उभे आहे त्यांची आठवण ठेवायला दोन इमारती तरी उरल्या, हे बरे झाले.

“पुन्हा किती जण आले?”

तिथून थोड्याच अंतरावर एडा स्ट्रीटवर एक साधी विटांची तीन मजली इमारत आहे. १९३८ साली सरकारने बांधलेल्या जेन अॅडम्स होम्स या वसाहतीतली ही शेवटची शिल्लक इमारत. बाकीच्या सगळ्या पाडल्या. जुन्या रहिवाशांनीच आग्रह धरला की एक तरी ठेवा, आमची गोष्ट सांगायला. २०२५ च्या एप्रिलमध्ये इथे नॅशनल पब्लिक हाउसिंग म्युझियम उघडले. वेगवेगळ्या काळी इथे राहून गेलेल्या कुटुंबांची बिऱ्हाडे आत पुन्हा मांडली आहेत. स्वयंपाकघरातले टेबल, भांडी, भिंतीवरची चित्रे. राजवाड्यांची संग्रहालये मी पुष्कळ पाहिली. भाड्याच्या खोलीचे संग्रहालय प्रथमच पाहिले. आमच्या नायगावच्या खोलीतली फळी, तिच्यावरचे पितळी डबे आणि खालची पाण्याची पिंपे कोणी अशी मांडून ठेवील का, असा विचार मनात येऊन गेला.

तिथे माहिती सांगणाऱ्या बाईंनी पुढची हकिगत सांगितली. १९५० च्या सुमारास सरकारी घरे शहरभर विखरून बांधावीत आणि काळ्या-गोऱ्यांनी शेजारी राहावे असा आग्रह धरणारे रॉबर्ट टेलर हे गृहनिर्माण मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. नगरसभेने ऐकले नाही म्हणून १९५० मध्ये त्यांनी पद सोडले. नंतर दक्षिण भागात, आधीच काळ्या लोकांची वस्ती असलेल्या स्टेट स्ट्रीटला लागून, १६ मजल्यांच्या २८ इमारती एका ओळीत बांधल्या. १९६२ साली त्या पुऱ्या झाल्या, आणि त्यांना नाव दिले रॉबर्ट टेलर होम्स! ज्या गोष्टीला त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव. भरभराटीच्या वर्षांत तिथे २७ हजार माणसे राहत, त्यांत सुमारे २० हजार मुले. नवे होते तेव्हा लोक आनंदाने आले. गरम पाणी, स्वच्छ भिंती, प्रशस्त खोल्या. मग लिफ्ट बंद पडू लागल्या आणि दुरुस्तीला पैसे येईनात. आसपासचे कारखाने बंद झाले. नोकरदार माणसे निघून गेली. १९९९-२००० च्या सुमारास शहराने असल्या उंच इमारती पाडून २५ हजार घरे नव्याने बांधायची किंवा दुरुस्त करायची योजना आखली, आणि २००७ पर्यंत रॉबर्ट टेलरची शेवटची इमारत गेली. रहिवाशांना परत येण्याचा हक्क लेखी दिला होता.

आमच्या कन्येचा हात पुन्हा वर. “मग पुन्हा किती जण आले?”

बाई क्षणभर थांबल्या. “बरेच जण आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षांचं काम कितीतरी लांबलं. घर मिळेपर्यंत कोणाची मुलं मोठी झाली, कोणाची नोकरी दुसऱ्या टोकाला गेली, कोणाचे पत्ते हरवले. काही जणांचं भलंही झालं, ते मी नाकारत नाही. पण लोक मला इमारतीबद्दल सांगत नाहीत. दुपारी मुलं कोणाच्या घरी ठेवायची, ते घर गेलं, असं सांगतात.”

परतताना बस मुद्दाम दक्षिणेकडून घेतली. एका बाजूला डॅन रायन एक्स्प्रेसवे, दुसऱ्या बाजूला स्टेट स्ट्रीट. जिथे दोन मैल इमारतींची रांग होती, तिथे मधूनमधून नवी बुटकी घरे आणि मधे कितीतरी मोकळे गवत. बसमध्ये कोणी बोलत नव्हते. मुले वहीत लिहीत होती. मीही लिहिले, ‘इथे आधी कोण राहत होते?’ आणि त्याच्यापुढे नकळत नायगावच्या आमच्या मजल्यावरची नावे लिहू लागलो.

समोर कोण येणार?

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वडील परळच्या गिरणीत होते. पगार बंद झाला. समोरच्या खोलीतल्या मावशींचे यजमान बेस्टमध्ये होते, म्हणून त्यांच्याकडे पगार येई. त्या वर्षी कितीतरी संध्याकाळी मावशी आम्हा दोघा भावांना म्हणत, “अरे, आज भात जास्त झालाय, या बसा.” रोज रोज भात कसा जास्त होतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आईला पडला असणार. ‘समोर कोण येणार’ हा म्हातारपणचा हट्ट नव्हता. तो बाईंच्या वहीतल्या प्रश्नांपुढचा चौथा प्रश्न होता, आणि तो आईनेच काढला होता.

रात्री ९ वाजता फोन लावला. नायगावात सकाळचे ७.३०, नळाचे पाणी जायची वेळ. आधी त्या दिवशीच्या आवाजाबद्दल माफी मागितली. मग विचारले, “आई, नवं घर नकोच का तुला?”

“नको कशाला? पावसाळ्यात भिंत ओली होते, पोपडे पडतात. सूनबाईला त्या बोळात जायला लागतं याची मला लाज वाटते. मला घर हवंय रे. पण म्हणतात, सोडतीत ज्याला जे निघेल ते. मी विसाव्या मजल्यावर, तुझी मावशी दुसऱ्या इमारतीत. लिफ्ट बंद पडली की मी वर आणि ती खाली. मला कोणी विचारलंच नाही की तुम्हाला कोणाशेजारी राहायचंय?”

त्यानंतर आम्ही तिघे, म्हणजे भाऊ, मी आणि आई, तासभर बोललो. कागदावरची सही नाकारायची नाही, पण सहीआधी तीन गोष्टी लेखी मागायच्या असे ठरले. घर किती मुदतीत मिळेल, लिफ्टच्या आणि देखभालीच्या खर्चाचे काय, आणि एका मजल्यावरच्या कुटुंबांनी मिळून मागणी केली तर त्यांना शेजारी शेजारी घरे देता येतील का. चाळ कमिटीतल्या मंडळींनाही ते पटले. एका जाणत्या वकिलाने कागद मराठीत सगळ्यांना वाचून दाखवायचे कबूल केले.

बाईंनी सहलीनंतर मुलांना घरचा अभ्यास दिला होता, आपल्या माहितीच्या एखाद्या वस्तीचा नकाशा काढा. कन्येने कोणालाही न विचारता नायगाव घेतले. तीन रविवार ती आजीला फोन लावून बसली. मधे बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. आजी सांगत गेली, नात लिहीत गेली. कोण कधीपासून राहतो, कोण गिरणीत होता, कोण पोलिसात, कोणाकडे पहिला टी. व्ही. आला, कोणाच्या घरची किल्ली कोणाकडे असते. शेवटचा रंग तिच्याच डोक्यातून निघाला. ज्या दोन घरांत एकमेकांची किल्ली असते त्यांना तिने एकाच रंगाने रंगवले. वीस खोल्यांपैकी सतरा खोल्या कोणा ना कोणाशी जुळल्या.

बाईंनी तो नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला. त्याची एक प्रत भावाने चाळ कमिटीच्या अर्जाला जोडून दिली आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचे आहे. आईने सही केली, पण तारीख टाकताना भावाला म्हणाली, “उरलेल्या तीन खोल्यांना रंग का नाही, ते त्या पोरीला सांगायचं राहिलं. ते नवे आलेत. त्यांचं अजून जमायचंय.”